विम्बल्डनला पहिल्यांदा जाताना: तिकीट, रांग आणि आतला दिवस

दरवर्षी मे महिना आला की पुण्या-मुंबईहून ओळखीपाळखीतले फोन सुरू होतात. "जुलैत लंडनला येतोय, विम्बल्डनचं तिकीट कसं काढायचं?" तोवर सोडतीची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. तरीही दार बंद झालेलं नसतं. ते कसं उघडतं हे माहीत नसल्यामुळे पुढच्या चुका होतात. कुणी दलालाला चौपट पैसे देतं, कुणी सकाळी साडेदहाला पोचून दुपारभर मैदानाबाहेर बसतं, कुणी आत जाऊनही दिवसभर एकाच हिरवळीवर पडद्याकडे बघत राहतं.

म्हणून हा लेख कामाच्या क्रमानेच लिहिला आहे. माझं ठाम मत आधीच सांगतो: पहिल्या भेटीत सेंटर कोर्टाचा, म्हणजे मुख्य कोर्टाचा, हट्ट सोडा. पहिल्या आठवड्यातला ग्राउंड पास (तीन मोठी कोर्टं सोडून बाकीच्या कोर्टांवर फिरायचा पास) घ्या, लवकर पोचा, उशिरापर्यंत थांबा. खेळाडूच्या बुटाखाली गवत घासल्याचा आवाज येईल इतक्या जवळून टेनिस बघायला मिळेल, तेही सेंटर कोर्टाच्या तिकिटापेक्षा पुष्कळ कमी पैशात.

## टप्पा १: आधी दिवस ठरवा

बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट काढतात, मग स्पर्धेचे दिवस बघतात. उलट करा.

स्पर्धा जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला सोमवारी सुरू होते आणि १४ दिवस चालते. २०२२पासून मधल्या रविवारीही नियमित खेळ होतो. एकेरीत पुरुष आणि महिला दोन्ही गटांत १२८ खेळाडू असतात. म्हणजे पहिल्या फेरीचेच १२८ सामने, आणि ते सोमवार-मंगळवारी १८ कोर्टांवर विभागून होतात. पाऊस आला नाही तर टेनिसने एवढा भरलेला दिवस पुन्हा येत नाही.

बुधवार-गुरुवारी दुसरी फेरी असते आणि दुहेरीही सुरू होते. आपल्या माणसांसाठी हे महत्त्वाचं आहे, कारण भारताचे खेळाडू गेली बरीच वर्षं दुहेरीतच जास्त दिसतात, आणि त्यांचे सुरुवातीचे सामने बहुधा बाहेरच्या लहान कोर्टांवर असतात. तिथे ग्राउंड पास पुरतो.

दुसऱ्या आठवड्यात चित्र बदलतं. मंगळवार-बुधवारी एकेरीच्या उपांत्यपूर्व फेऱ्या, गुरुवारी महिलांच्या आणि शुक्रवारी पुरुषांच्या उपांत्य फेऱ्या. हे सगळे सामने मोठ्या कोर्टांवर जातात. बाहेर उरतात ते कुमार गट, व्हीलचेअर टेनिस, दुहेरीचे उरलेले सामने आणि जुन्या खेळाडूंचे निमंत्रितांचे सामने. त्यातही गंमत आहे आणि पास स्वस्त असतो. पण "विम्बल्डन बघायचंय" म्हणून येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे असतं, ते पहिल्या आठवड्यातच मिळतं.

माझी पसंती: पहिला सोमवार ते गुरुवार. यांपैकी सलग दोन दिवस मोकळे ठेवा. एक दिवस पावसात गेला तर दुसरा हाताशी राहतो.

चूक: शेवटचा शनिवार-रविवार धरून सुट्टी घेणं. शेवटच्या चार दिवसांत सेंटर कोर्टाची तिकिटं त्याच दिवशीच्या रांगेत विकलीच जात नाहीत.

## टप्पा २: तिकिटाचा मार्ग निवडा

सोडत. मायविम्बल्डन नावाचं फुकट खातं उघडून सोडतीत नाव घालता येतं. गेल्या काही वर्षांत ही सोडत आदल्या वर्षाच्या सप्टेंबरात उघडते. म्हणजे गणपतीच्या आसपास पुढच्या वर्षाच्या विम्बल्डनचा अर्ज भरायचा, असं डोक्यात पक्कं करून टाका. परदेशातूनही अर्ज करता येतो. दिवस आणि कोर्ट तुम्ही निवडू शकत नाही. नाव निघालं तर जे येईल ते घ्यायचं किंवा नाकारायचं. पैसे भरायची मुदत चुकली की तिकीट दुसऱ्याला जातं, त्यामुळे त्या महिन्यांत ई-मेलचा स्पॅम फोल्डरही बघत राहा. सोडतीचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

रांग. त्याच दिवशी, जागेवर, छापील दरात. सेंटर कोर्ट, नंबर १ आणि नंबर २ या तिन्ही कोर्टांची प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटं (सेंटरची शेवटचे चार दिवस सोडून) आणि त्याशिवाय हजारो ग्राउंड पास रोज रांगेत विकले जातात. इतक्या मोठ्या स्पर्धेत सामान्य माणसासाठी त्याच सकाळी एवढी तिकिटं ठेवणं दुर्मीळ आहे. सोडतीत नाव न निघालेल्यांनी निराश होण्याचं म्हणूनच कारण नाही.

डिबेंचर. क्लबला मोठी रक्कम देऊन काही वर्षांसाठी राखून घेतलेल्या जागा. सगळ्या तिकिटांमध्ये फक्त हीच तिकिटं कायदेशीरपणे पुन्हा विकता येतात. अतिशय महाग. खाणंपिणं धरून मिळणारी पॅकेजंही आहेत, ती फक्त विम्बल्डनने नेमलेल्या अधिकृत विक्रेत्यांकडूनच घ्या.

इशारा: "माझ्या नावावरचं सोडतीचं तिकीट देतो" असं सांगणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका, मग तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधला ओळखीचा का असेना. असं तिकीट दाराशी रद्द होऊ शकतं.

तुम्ही हे सोडतीची मुदत उलटल्यावर वाचत असाल तर तुमचा मार्ग रांगेचा, असं समजून पुढे वाचा.

## टप्पा ३: व्हिसा, मुक्काम आणि रस्ता

भारतीय पासपोर्टवर यूकेचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी असते. म्हणून एप्रिलमध्येच अर्ज भरून टाका. बोटांचे ठसे आणि फोटो मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात देता येतात. सामन्याचं तिकीट हातात नसेल तरी अर्जात प्रवासाचं कारण सरळ लिहा: पर्यटन आणि विम्बल्डन.

मैदानाला सर्वांत सोयीचं मेट्रो स्टेशन साउथफील्ड्स आहे, विम्बल्डन नाही. नावामुळे फसून दरवर्षी कितीतरी लोक पुढे विम्बल्डन स्टेशनला जाऊन उतरतात. डिस्ट्रिक्ट लाइनची विम्बल्डनकडे जाणारी गाडी पकडा आणि साउथफील्ड्सला उतरा. तिथून रांगेचं मैदान, म्हणजे विम्बल्डन पार्क, चालत पंधरा मिनिटांच्या आत येतं. वाटेवर पाट्या असतात, माणसं उभी असतात.

आपल्याकडचे बरेच जण लंडनमध्ये नातेवाइकांकडे उतरतात, आणि ते असतात हॅरो, वेंब्ली किंवा हाउन्स्लोला. हाउन्स्लोहून पिकॅडिली लाइनने अर्ल्स कोर्टला यायचं आणि तिथे डिस्ट्रिक्ट लाइन धरायची, हे सरळ आहे. हॅरो-वेंब्लीहून मात्र तासाच्या वर मोडतो आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने निघूनही रांगेत मागे पडायला होतं. एका रात्रीपुरतं पटनी, साउथफील्ड्स, फुलम किंवा अर्ल्स कोर्टच्या बाजूला राहायची सोय झाली तर तो खर्च वसूल होतो.

तपासा: पहिल्या मेट्रोची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा. रविवारी गाड्या उशिरा सुरू होतात.

चूक: उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी रांगेत जाणं. लंडन त्या काळात भारतापेक्षा साडेचार तास मागे असतं. पहाटे जाग सहज येते, त्यामुळे लोकांना वाटतं आपल्याला जमेल. पण दुपारी चारला डोळे मिटायला लागतात आणि नेमकं तेव्हाच चांगलं टेनिस रंगात आलेलं असतं. मध्ये दोन दिवस जाऊ द्या.

## टप्पा ४: पिशवी भरणं

माणशी एकच पिशवी आणि तिचं माप ४० × ३० × ३० सेंटीमीटरच्या आत. हे माप दाराशी खरोखर बघतात. कॉलेजची साधी सॅक बसते, ट्रेकिंगची सॅक बसत नाही. कडक बाजूंचे डबे, कूलबॉक्स, टोपल्या चालत नाहीत. सेल्फी स्टिक चालत नाही. ३०० मिलिमीटरपेक्षा मोठी लेन्स चालत नाही. राजकीय घोषणांचे फलक आणि मोठे झेंडे चालत नाहीत. छोटा तिरंगा घेऊन जायला अडचण नाही.

घरचं खाणं मात्र नेता येतं, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. पोळीचे रोल, थेपले, चिवडा, फळं, काहीही न्या. आतलं जेवण महाग आहे आणि गर्दीच्या वेळी त्याच्या रांगेत एक सेट निघून जातो. पाण्याची रिकामी बाटली न्या, आत भरायची सोय असते. स्ट्रॉबेरी आणि क्रीम आतच घ्या. पंधरा वर्षं त्याचा भाव अडीच पौंडांवर होता, २०२५मध्ये २ पौंड ७० पेन्स झाला. विम्बल्डनमधली ही बहुधा एकमेव स्वस्त गोष्ट.

सोबत असायलाच हव्यात अशा गोष्टी:

- परदेशात चालणारं बँक कार्ड. नुसत्या रोख नोटांवर विसंबू नका. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार चालू करायला लोक विसरतात. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते सुरू करा आणि मेट्रोत एकदा वापरून बघा.
- पूर्ण चार्ज केलेली पॉवर बँक. तिकीट, नकाशा, कार्यक्रम, सगळं फोनवर.
- विम्बल्डनचं अधिकृत अ‍ॅप आणि मायविम्बल्डन खातं, घरूनच तयार केलेलं. मैदानावर हजारो लोकांत नेट रडतं.
- टोपी, सनस्क्रीन आणि पातळ रेनकोट. तिन्ही एकाच दिवशी लागू शकतात. २०२५च्या पहिल्या दिवशी पारा ३२ अंशांच्या वर गेला होता. छत्री चालते, पण कोर्टाशेजारी उघडली की मागच्यांचं दिसणं बंद होतं.
- संध्याकाळसाठी स्वेटर. रात्री आठनंतर जुलैतही गार वारा सुटतो.

कपड्यांची सक्ती प्रेक्षकांना नाही. पांढऱ्याचा नियम खेळाडूंसाठी आहे. चालायचे बूट घाला, कारण मैदान उताराचं आहे आणि दिवसभर पायपीट होते.

## टप्पा ५: रांग

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश सांगतो. ही एकच रांग आहे, पण तिच्यात दोन वेगळ्या इच्छांची माणसं असतात. आधी आपण कोण ते ठरवा.

मोठ्या कोर्टाचं तिकीट हवं असेल तर आदल्या दिवशी येऊन तंबू ठोकून रात्र काढावी लागते. पहिले काही दिवस किंवा मोठ्या नावांचे सामने असतील तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचावं लागतं. तंबू जास्तीत जास्त दोन माणसांचा. शेगडी, चूल, आग काहीही चालत नाही. रात्री दहानंतर शांतता. पहाटे सहाच्या आसपास स्टुअर्ड, म्हणजे रांग सांभाळणारी माणसं, तंबू हलवून उठवतात. मग तंबू आवरायचा, सामान लगेज ठेवण्याच्या जागी पैसे भरून ठेवायचं आणि माणसं दाटीने पुढे सरकवली जातात. पुढच्यांना सकाळी साडेसातच्या सुमारास मनगटी पट्टे देतात, कोर्टानुसार वेगवेगळे.

ग्राउंड पास हवा असेल तर रात्र काढायची गरज नाही. पहिल्या सोमवार-मंगळवारी सकाळी सहाच्या आत रांगेत असाल तर दिवस चांगला जातो. आठनंतर आलात तर आत शिरायला दुपार होऊ शकते, कारण मैदान भरलं की बाहेर पडणाऱ्यांच्या जागीच नवे लोक सोडतात.

पोचल्यावर क्रम असा:

१. रांगेचं शेपूट शोधा. स्टुअर्ड झेंडा घेऊन उभे असतात. मधेच ओळखीचे दिसले म्हणून तिथे उभे राहू नका.

२. तारीख आणि क्रमांक असलेलं रांगेचं कार्ड घ्या. प्रत्येकाने स्वतः हजर राहून घ्यायचं. "माझे दोन मित्र मागून येताहेत, त्यांचीही द्या" हे चालत नाही.

३. क्रमांक वाचा आणि अंदाज बांधा. तिन्ही मोठ्या कोर्टांची मिळून सुमारे १५०० तिकिटं असतात आणि पुढचे लोक आपापल्या पसंतीने निवडत जातात. क्रमांक १५००च्या बराच आत असेल तर काहीतरी मिळेल. त्यापुढे असाल तर ग्राउंड पासच.

४. कार्ड तिकीट हातात येईपर्यंत जपा. ते दुसऱ्याला देता येत नाही. हरवलं तर तुमची जागा सिद्ध करणारं दुसरं काहीच नसतं.

५. जागा सोडायची ती स्वच्छतागृह किंवा खाण्यापुरतीच, अर्ध्या तासाच्या आत. शेजाऱ्याला सांगून जा.

६. सुरक्षा तपासणी, मग तिकीट खिडकी. दारं दहाला उघडतात. एका माणसाला एकच तिकीट, म्हणून कुटुंबातल्या प्रत्येकाने रांगेत असलंच पाहिजे.

लालबागच्या राजाच्या रांगेत शिस्त मोडली तर आपण कुरकुर करून पुढे सरकतो, इथे तसं होत नाही. घुसणाऱ्याला बाहेर काढतात आणि आजूबाजूचे लोकच त्याची तक्रार करतात. ही रांग विश्वासावर चालते, म्हणून तिचा मान ठेवा.

कार्ड पुढचं निघालं आणि तिन्ही कोर्टांतून निवडायची संधी मिळाली तर? सगळे आंधळेपणाने सेंटर म्हणतात. पण तिथला पहिला सामना दीड वाजता सुरू होतो, नंबर १वर एक वाजता, आणि नंबर २वर अकरा वाजता. जास्तीत जास्त टेनिस हवं आणि आकाश निरभ्र असेल तर नंबर २ घ्या. पावसाचा अंदाज असेल तर नंबर १ किंवा सेंटर, कारण छत फक्त या दोघांनाच आहे. मोठ्या कोर्टाच्या तिकिटावर बाकीच्या मैदानातही फिरता येतं, त्यामुळे दुपारपर्यंत लहान कोर्टांवर बसून मग आपल्या जागेवर जायला हरकत नाही.

इशारा: विमानतळावरची मोठी सुटकेस घेऊन थेट रांगेत येऊ नका. लगेज ठेवण्याच्या जागी मापाची मर्यादा आहे.

आई-वडील सोबत असतील तर पहाटेची रांग टाळा. दुपारी चारनंतर या. संध्याकाळी पाचनंतर ग्राउंड पास स्वस्त होतो, रांग बरीच ओसरलेली असते आणि उजेड रात्री नऊच्या पुढेपर्यंत असतो. चार तास निवांत टेनिस मिळतं. साठीपुढच्या माणसांना घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवतो. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी स्टुअर्डला आधीच सांगावं, ते मदत करतात. पाच वर्षांखालच्या मुलांना मोठ्या कोर्टांच्या स्टँडमध्ये नेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

## टप्पा ६: आत शिरल्यावरचा पहिला तास

दहाला दार उघडतं, बाहेरच्या कोर्टांवर खेळ अकराला सुरू होतो. हा मधला एक तास लोक दुकानात टॉवेल घेण्यात आणि सेंटर कोर्टासमोर फोटो काढण्यात घालवतात. दुकान संध्याकाळीही उघडं असतं. अकराची जागा मात्र अकरानंतर मिळत नाही.

दिवसाचा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. तो तेव्हाच वाचा आणि दोन-तीन सामन्यांवर खूण करा. ओळखीच्या नावामागे धावू नका. जोरदार सर्व्हिस करणारा विरुद्ध चिवट परतवणारा, किंवा नवखा विरुद्ध मुरलेला, अशी जोडी बाहेरच्या कोर्टावर दिसली तर ती निवडा.

ग्राउंड पासवर कोर्ट ३ ते १८ बघता येतात. त्यांतल्या काही कोर्टांवर थोड्या राखीव जागा असतात, बाकी जो आधी बसेल त्याची. कोर्ट ३, १२ आणि १८ यांना नीट स्टँड आहेत, तिथे मानांकित खेळाडू येतात आणि तिथेच आधी गर्दी होते. कोर्ट १८वर २०१० साली इस्नर आणि माहू यांचा ११ तास ५ मिनिटांचा सामना झाला होता, त्यामुळे ते बघायला बरेच जण मुद्दाम जातात. पण खरी मजा ४ ते ११ आणि १४ ते १७ या लहान कोर्टांवर आहे. कडेला एक-दोन बाकांच्या ओळी, मागे उभे लोक आणि खेळाडू अक्षरशः हाताच्या अंतरावर. टीव्हीवर चेंडूचा वेग कळतच नाही. पहिल्यांदा इतक्या जवळून सर्व्हिस बघितली की माणूस मागे सरकतो.

बालेवाडीला महाराष्ट्र ओपन बघितलेल्यांना एक सवय बदलावी लागेल. तिथे जागेवर बसून ओळीने सामने बघता यायचे. इथे जागा धरून ठेवता येत नाही. पिशवी ठेवून जेवायला गेलात तर परतल्यावर तिथे दुसरं कोणीतरी बसलेलं असेल, आणि ते योग्यच आहे.

जागा मिळवायची युक्ती: तुम्हाला हवा असलेला सामना कोर्टावरचा तिसरा असेल तर दुसऱ्याच्या शेवटच्या सेटला तिथे जाऊन उभे राहा. सामना संपताच निम्मे लोक उठतात. त्या दोन मिनिटांत पुढे सरका.

कोर्टावर वागण्याचे नियम थोडके आहेत, पण पाळावेच लागतात. स्टँडमध्ये ये-जा फक्त खेळाडू बाजू बदलतात तेव्हा. फोन आवाज बंद करून ठेवा, फ्लॅश बंद. सर्व्हिसच्या आधी पूर्ण शांतता. पहिली सर्व्हिस चुकल्यावर टाळ्या वाजवू नका. आपल्या खेळाडूला हाक मारायची ती गुण संपल्यावर, आणि तेव्हा मात्र मोकळेपणाने मारा. परक्या देशातल्या लहान कोर्टावर "चल, चल" ऐकू आलं की भारतीय खेळाडू मान वर करून बघतात.

## टप्पा ७: दुपारची पुनर्विक्री

ग्राउंड पासवरच्या बहुतेकांना हे माहीतच नसतं. मोठ्या कोर्टांवरचे काही प्रेक्षक लवकर निघतात आणि आपलं तिकीट परत देतात. त्या जागा दुपारी तीनपासून मैदानाच्या आतच पुन्हा विकल्या जातात, अगदी मोजक्या पौंडांत, आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. यासाठीची रांग अ‍ॅपवर लागते, म्हणून फोनची बॅटरी दुपारपर्यंत वाचवलेली असली पाहिजे.

तीनच्या ठोक्यालाच नाव नोंदवा, पण साडेतीनला सेंटर कोर्टात बसू अशी आशा करू नका. लोक उठायला लागतात ते पाचनंतर. तोवर लहान कोर्टांवर तुमचं टेनिस चालूच ठेवा. सेंटर कोर्टाचं दर्शन पहिल्या भेटीत घडावं, अशी मनापासून इच्छा असेल तर हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. छताखाली संध्याकाळचा सामना चालू असेल तर तो रात्री अकरापर्यंत जाऊ शकतो, त्यापुढे मात्र खेळ थांबवतात.

चूक: दिवसभर टेकडीवर बसणं. हेन्मन हिल म्हणतात ती हिरवळ आणि तिथला मोठा पडदा छान आहे, डबा खायला उत्तम जागा. पण पडद्यावरचं टेनिस घरीही दिसतं. तासाभरात उठा.

## टप्पा ८: संध्याकाळ

साडेपाचला बरेच जण दमून निघतात. तुम्ही थांबा. उन्हं उतरलेली असतात, गर्दी विरळ होते, सकाळी ज्या कोर्टाजवळ फिरकता आलं नाही तिथे पहिल्या बाकावर जागा मिळते. पाचव्या सेटला गेलेले सामने याच वेळी सापडतात. अ‍ॅपवर चालू गुणफलक बघत राहा आणि दोन-दोन सेटची बरोबरी दिसली की तिकडे चला.

परतीला साउथफील्ड्स स्टेशनवर मोठी गर्दी होते. शेवटच्या गुणासोबत उठण्याऐवजी वीस मिनिटं आतच थांबलात तर सोपं जातं. पाय साथ देत असतील तर विम्बल्डन स्टेशनपर्यंत चालत जाणं हा दुसरा पर्याय, तिथून मेट्रोशिवाय वॉटर्लूकडे जाणाऱ्या लोकल गाड्याही मिळतात.

तपासा: सकाळी सामान ठेवलं असेल तर ती जागा बंद व्हायची वेळ सकाळीच विचारून ठेवा.

## पाऊस आला तर

बाहेरच्या कोर्टांवर ताडपत्री ओढली जाते आणि सगळे आडोशाला धावतात. पहिल्या सरीला घरी जाऊ नका. लंडनचा पाऊस आपल्या पावसासारखा दिवसभर ठाण मांडतोच असं नाही. ताडपत्री निघताना जे कोर्टाजवळ असतात त्यांनाच चांगली जागा मिळते, म्हणून ढग पांगायला लागले की चहाचा कप हातात घेऊनच चालायला लागा.

तुमच्या तिकिटाच्या कोर्टावर एक तासापेक्षा कमी खेळ झाला तर पूर्ण पैसे परत मिळतात. एक ते दोन तासांच्या मध्ये झाला तर निम्मे. दुसऱ्या दिवशीचा प्रवेश मात्र मिळत नाही. त्यासाठी पुन्हा नव्याने रांगेत उभं राहून नवं कार्ड घ्यावं लागतं. तसं करायचं ठरलं तर रात्री हॉटेलवर पोचल्यावर आधी दोन कामं करा: पॉवर बँक चार्जिंगला लावा आणि पहाटेच्या पहिल्या गाडीची वेळ बघा.